तीन वाटांनी गेलेले शेअर

बायको जाऊन दहा महिने झाले होते आणि तिच्या नावचे साबण कंपनीचे दोनशे शेअर वारसाहक्काने पोस्टमास्तरांच्या खात्यात येऊन पडले होते. निवृत्तीनंतर पोस्टमास्तर दिवसभर शेअरांची खरेदी-विक्री करत. त्यात दिवस सरायचा, एवढाच फायदा. पण सकाळी कॉम्प्युटर उघडला की यादीत सगळ्यांत वर ती साबण कंपनी दिसे आणि पुढचं काही सुचेनासं होई. शेवटी एका मंगळवारी त्यांनी ठरवलं, एकदाचे विकून मोकळं व्हायचं.

विक्रीचं बटण दाबलं तर पडद्यावर नवाच प्रश्न आला: ऑर्डर कोणत्या मार्गाने पाठवायची? त्यांनी ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावला.

“काका, कालपासून सुरू झालंय,” तिथली मुलगी म्हणाली. “जलद मार्गाला शुल्क जास्त. स्वस्त मार्गाला रांगेत थांबावं लागतं. तिसरा गुप्त, म्हणजे तुम्ही विकताय हे बाजाराला कळत नाही. काहीच निवडलं नाहीत तर मशीन आपोआप निवडतं.”

टपालाच्या पिशव्या कुठल्या गाडीने धाडायच्या, हे पस्तीस वर्षं ठरवलेल्या माणसाला मशीनने वाट दाखवावी, हे काही त्यांना रुचेना. शिवाय बायकोचे शेअर विकतोय, हे चारचौघांत कशाला? त्यांनी गुप्त मार्ग निवडला.

ऑर्डर इतकी गुप्त गेली की त्यांनाही दिसेना. अर्धा तास वाट पाहून, ‘गहाळ झाली’ असं त्यांनी अनुभवाने ठरवलं आणि तीच ऑर्डर स्वस्त मार्गाने धाडली. ती रांगेत जाऊन बसली ती बसलीच. तासाभराने त्यांचा धीर सुटला. जलद मार्ग निवडायचा अवकाश, दोनशेच्या दोनशे शेअर गेले.

भावजय गेल्यापासून त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहत होती. ती चहा घेऊन आली.

“विकले, ताई.”

“बरं झालं,” ती म्हणाली, पण तिच्या आवाजात बरं झाल्यासारखं काही नव्हतं.

चहा संपायच्या आत रांगेतली ऑर्डर सुटली. पाठोपाठ गुप्तही उगवली. यादीत आकडा आला: उणे चारशे. पोस्टमास्तरांनी पुन्हा फोन लावला.

“काका, दोनशे होते, तुम्ही सहाशे विकलेत. साडेतीनच्या आत चारशे परत घ्या, नाहीतर दंड बसेल.”

“पण नसलेले शेअर विकले कसे गेले?”

“तुम्ही विका म्हणालात म्हणून.”

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. भाव चढत होता. “आता तरी त्या मशीनला निवडू दे,” बहीण मागून म्हणाली. पोस्टमास्तरांनी मुकाट्याने ऐकलं. पण डोक्यात सहाशेचा आकडा घर करून बसलेला. चारशेच्या जागी सहाशे टाकले गेले आणि मशीनने क्षणात सगळे घेऊन दिले.

बाजार बंद झाला. तिन्ही मार्गांचं शुल्क आणि भावातला फरक यांत अर्ध्या महिन्याची पेन्शन गेली होती. पोस्टमास्तर चष्मा काढून नुसतेच बसून राहिले. तेवढ्यात ब्रोकरच्या ऑफिसातल्या त्या मुलीचाच फोन आला.

“काका, आजची उलाढाल बघून साहेबांनी तुम्हाला खास ग्राहकांत घातलंय. उद्यापासून आणखी दोन मार्ग मिळतील.”

“नकोत,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बहिणीने वाकून पडद्यावरची यादी पाहिली. सगळ्यांत वर साबण कंपनी. शेअर दोनशे.

“विकलेस ना रे हे?”

“विकले होते. परत आले.”

बहीण कपबशा उचलत म्हणाली, “तीही अशीच. तुझ्यावर रागावून माहेरी जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची.”

“हो,” पोस्टमास्तर म्हणाले. “आणि जाण्यायेण्याचं भाडं मात्र मला भरायला लागायचं.”