खाली रोजी, वर रोशनी

आमच्या इमारतीत दार आपटायला मनाई होती. कुणी आजारी नव्हतं, तान्हं मूलही नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या इब्राहिमभाईंच्या बरणीतलं पाणी हलतं, एवढंच कारण. दार जरा जोरात लागलं की वरून हाक यायची, "आहिस्ता मियाँ, खाली जेवणं चाललीयत!" नव्या भाडेकरूंना वाटायचं, भाईंकडे पाहुणे उतरलेत.

बरणी म्हणजे कमरेइतकं उंच काचेचं नळकांडं. ते गॅलरीत असायचं. बुडाशी शेणखत घातलेला गाळ आणि वर आमच्या विचुंबे गावच्या तळ्याचं पाणी. सकाळी ऊन आलं की पाण्याच्या वरच्या अंगाला हिरवा थर जमायचा आणि संध्याकाळी तोच थर हळूहळू तळाशी उतरायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भाई काहीतरी हातचलाखी करतायत.

"शेवाळ आहे हो, पण पोहणारं," भाई म्हणाले. "एकेक इतकं बारीक की नजरेला दिसत नाही. शेपटी मारत वर जातं, शेपटी मारत खाली. अंगाला ऊन लागतं वर, आणि खत सगळं तळाशी. खाली रोजी, वर रोशनी. दोन्ही एका ठिकाणी मिळत नाही. काय करतील बिचारी?"

पाणी स्थिर असेल तरच खत तळाशी राहतं, म्हणून ती दारबंदी. हे सगळं भाई आखातात शिकले होते. तिथं एका कोळंबीच्या केंद्रात पिल्लांना खायला घालायचं हिरवं पाणी वाढवणं हेच त्यांचं काम. निम्मं आयुष्य तिकडं काढून ते विचुंब्याला परतले ते एकटेच. बायको वारली आहे, एवढंच आम्हाला माहीत. त्यापुढे विचारायची सोय नव्हती, कारण काहीही विचारलं की भाई बरणीवर येत.

"खाली रोजी, वर रोशनी" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. समोरच्या जोशांचा मुलगा बंगळूरला नोकरीला गेला आणि वहिनी रडत बसल्या, तर भाईंनी त्यांना हेच सांगितलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंप बिघडल्याचा विषय निघाला तिथंही हेच. सेक्रेटरीने हात जोडले. एकदा मी बँकेत असताना भाईंचा मिस्ड कॉल आला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. मी घाबरून उलट फोन केला.

"काय झालं भाई?"

"आज एवढं आभाळ भरलंय, तरी सगळी वर आली!"

काउंटरवर रांग लागलेली. मी "वा वा" म्हणून फोन ठेवला. पण खोटं कशाला सांगू, घरी आल्यावर आधी बरणीच बघायला गेलो.

एकदा भाईंना भाचीच्या लग्नाला महाडला जावं लागलं. किल्ली तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकींकडे दिली. आमची इमारत काकींच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक घराची काळजी आपल्यालाच, असं त्या धरून चालतात. "हात लावायचा नाही भाभी, नुसतं बघायचं," असं भाईंनी जाताना चारदा बजावलं.

काकींनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लग्नाच्या पंगतीतला लांब दांड्याचा डाव आणला आणि बरणी तळापासून ढवळली.

भाई परतले त्या संध्याकाळी काकी मला घेऊनच वर गेल्या. "तुमी बँकेतले, तुमी जरा समजवा." भाई बरणीपुढे वाकून उभे होते. उजेड कमी झाला होता, उतरायची वेळ झाली होती, पण हिरवा थर वरच होता. खाली कुणी जातच नव्हतं.

"कुणी ढवळलं?"

"मीच," काकी म्हणाल्या. "रोज जेवायला खाली उतरायचं न् परत वर चढायचं. मना बघवंना. म्हटलं, त्यांचं जेवान त्यांना वरच मिलूदे."

आता भडका उडणार म्हणून मी काहीतरी समजुतीचं शोधू लागलो. भाई स्टुलावर बसले.

"वरच मिळालं, म्हणून गेली नाहीत," ते म्हणाले. "भाभी, मलाही कुणी असं वर दिलं असतं, तर मी कशाला गेलो असतो हो तिकडं? दोन वर्षांतून एकदा यायचो. सकिना दारात उभी असायची. एकदा आलो, तर नव्हती. तिला माती द्यायलाही पोचलो नाही." त्यांनी बरणीच्या काचेवर बोट ठेवलं. "ही रोज घरी येतात. तेवढंच बघत बसतो मी."

इतकी वर्षं हा माणूस आम्हाला शेवाळ दाखवतोय, असं आम्ही समजत होतो.

काकींचे गुडघे धरलेले, जिना म्हणजे त्यांना शिक्षाच. तरी कठडा धरून एकेक पायरी उतरून त्या खाली गेल्या आणि बऱ्याच वेळानं झाकलेलं ताट घेऊन तशाच वर आल्या. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण.

"गरम हाय तवर जेवा," त्या म्हणाल्या आणि भाईंनी पहिला घास तोंडात घालेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.