पावणो इलो

माझे सासरे मासा ‘पकडला’ असं कधीच म्हणत नसत. मासा ‘येतो’, असं त्यांचं ठाम मत. गळाला लागला, ओढला, वर घेतला, यातलं काही नाही. दोरीला झटका बसला की होडीच्या काठाशी सरसावून बसायचे आणि देवळात पुटपुटावं तसं पुटपुटायचे, “पावणो इलो.” पाहुणा आला. आणि एकदा पाहुणा म्हटला की सरबराई आलीच. त्याला उन्हात ठेवायचं नाही, ओलांडायचं नाही, त्याच्यासमोर भांडायचं नाही आणि ताटकळत तर मुळीच ठेवायचं नाही. शेवटी त्याला तळून खायचं, ही गोष्ट पाहुणचाराच्या आड येते असं मात्र अप्पांना कधी वाटलं नाही.

अप्पा म्हणजे आत्माराम गावडे, मुक्काम वाकोला. मूळ मालवणकडचे. उमेदीची वर्षं गिरणीत गेली. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका ऑफिसांच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले. “दिवसभर वर जायचं नि खाली यायचं,” ते म्हणत. “माणसान आठवड्यातून एकदा तरी आडवां जाऊक होया.” म्हणून दर रविवारी मालाडहून मार्व्याला आणि तिथून मार्टिनच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी. मार्टिन मनोरीचा, गिरणीत अप्पांच्या शेजारच्या मागावर होता. अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. नंदा ही एकुलती एक मुलगी, तिला त्यांनी एकट्याने वाढवलेलं.

मी मुलुंडचा. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. नंदा माझ्याच ऑफिसात टायपिस्ट. लग्नाचं विचारायला मी वाकोल्याला गेलो तेव्हा अप्पांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. समोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले,

“पापलेट ताजा की शिळा, कसा ओळखतास?”

मी गडबडलो. म्हटलं, “विचारून.”

“कोणाक? पापलेटाक?”

नंदा तोंडावर पदर धरून आत पळाली. अप्पा हसले नाहीत. सांत्वनाला आलेल्या माणसाने बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “च्या घेवा. थंड होता.” तो होकार होता, हे मला नंदाने नंतर सांगितलं.

जावयाशी शुद्ध बोलायचं, असं त्यांनी बहुधा ठरवलेलं होतं. त्यामुळे पहिलं वाक्य शाळेतल्या धड्यासारखं यायचं, “आपण कसे आहात?” आणि दुसऱ्या वाक्याला गाडी थेट मालवणात. “वायच सरकान बसा, वारो येवंदे.”

बाजारात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षा. एकदा वाकोल्याच्या बाजारात कोळणीने सुरमई उचलून तराजूत भिरकावली. झालं! अप्पा कडाडले, “भिरकावतंस काय गो? तुझ्या घराक पावणो इलो तर असोच भिरकावशीत?” कोळीण कसली ऐकतेय. “तुजा पावना हाय ना? मंग ने घरा नि पाटावर बसव!” आजूबाजूच्या सगळ्या पाट्या खदखदून हसल्या. अप्पांनी शांतपणे सुरमई घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बाळाला धरावं तशी छातीशी धरून घरी नेली. पाटावर बसवली की नाही ते मी पाहिलं नाही.

आमचं लग्न झालं आणि नंदा मुलुंडला आली. माझ्या आईने तिला एका शब्दानेही काही म्हटलं नव्हतं, पण नंदाने आपणहून मासे सोडले. “मला काही आठवण येत नाही रे,” ती म्हणायची. इतक्या सहज म्हणायची की मी तो विषय तिथेच संपवला. अधूनमधून अप्पांकडे गेलो की ते तिला माशाचा एखादा तुकडा वाढायचे आणि मला बटाट्याची भाजी.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी अप्पा अचानक मुलुंडला आले. आईशी अदबीने दोन वाक्यं शुद्ध बोलले, चकली खाल्ली आणि उठता उठता मला म्हणाले, “रविवारी सकाळी मार्व्याच्या धक्क्यावर येवा. एकटेच.”

नंदा त्यांना खालपर्यंत सोडून आली ती चकित होऊन. “अप्पा होडीत कुणालाच नेत नाहीत. मला पण एकदाच नेलं होतं, ते पण मी रडले म्हणून.”

“मग मला कशाला?”

“मला काय माहीत? तू काही केलंयस का?”

आठवडाभर मी काय केलं असेल ते आठवत राहिलो. मुलीबद्दल काहीतरी बोलायचं असणार, आणि तेही जिथून मला उठून जाता येणार नाही अशा जागी, याबद्दल माझी खात्री पटली.

रविवारी धक्क्यावर पोचलो तर अप्पा लिफ्टमनची जुनी खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. शेजारी लाकडाची पेटी, आत बर्फाचा चुरा, वर ओलं गोणपाट. पेटीच्या बुडाला भोक. “बर्फाचा पाणी भायर जाऊक होया,” ते म्हणाले. “नायतर पावणो भिजत बसता. फुगता. मग त्येका चव रवणत नाय.” मार्टिनने होडी ढकलली. मी आईने दिलेला शिरा पोटात घेऊन फळीवर बसलो.

खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या आणि तो शिरा होडीबाहेर गेला. मार्टिन कळवळला, “अरे रे, लिंबू देऊ काय?” अप्पांनी मात्र पाण्याकडे समाधानाने पाहिलं. “बरा झाला. तूप होता ना त्येच्यात? आता मासे जमतले.”

त्यांनी मला गळाला कोलंबी लावायला शिकवलं, दोरी बोटावरून कशी सोडायची ते दाखवलं. बोलायचं नाही, अशी ताकीद दिली; मासे घरगुती गोष्टी ऐकतात आणि मग येत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे मी ज्या बोलण्याला भीत होतो ते बोलणंही होईना. ऊन चढलं. अप्पांच्या दोरीला काही येत नव्हतं. ते पुन्हापुन्हा कोलंबी बदलत होते आणि मार्टिनच्या नांगर टाकण्याला नावं ठेवत होते.

आणि माझ्या बोटाला झटका बसला. मी दोन्ही हातांनी दोरी ओढली. चांगला वीतभर ढोमा मासा वर आला आणि चक्क गुरगुरायला लागला. मी ओरडलो, “पकडला! अप्पा, पकडला!”

मार्टिनने माझ्याकडे दयेने पाहिलं. अप्पा हळूच म्हणाले, “इलो. तो इलो. बोलता पण आसा तुमच्याशी.” आणि सुरीची मूठ माझ्यापुढे केली.

“मी?”

“मग कोण? पावणो तुमच्याकडे इलो ना?”

“आण, मी करतो,” मार्टिन म्हणाला.

“तू गप रव!” अप्पा त्याच्यावर खेकसले. मग मला म्हणाले, “आधी ह्यो लाकडाचो दांडो घ्या. डोक्यावर एकच. झटक्यात. घाबरान हळू मारलात तर त्येका जास्त दुखता.”

त्या सकाळपर्यंत मी झुरळसुद्धा मारलं नव्हतं. डोळे मिटायला लागलो तर अप्पा म्हणाले, “डोळे उघडे. बघान मारा.” मारला. मग कल्ल्यांखाली सुरी घालून रक्त सोडायचं, पोट चिरायचं, आतलं सगळं एका ओढीत बाहेर काढायचं, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, पोटात बर्फ भरायचा आणि पेटीत निजवायचं, वर गोणपाट. अप्पांनी एकदाही सुरीला हात लावला नाही. फक्त माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून कोन दाखवत होते. “हां. अस्सा. पित्त फोडू नकास, कडू होतलो.” मी पित्त फोडलं. “होता असा,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा फुटूचा नाय.”

दुसऱ्याचंही फुटलं. तिसऱ्याचं वाचलं, तेव्हा मार्टिनने टाळी वाजवली. मधे एक शिंगाळा आला. त्याच्या काट्याला विष असतं म्हणून मार्टिनने दोरी कापून त्याला परत सोडला. “ह्यो पावणो नाय, वसुलीवालो,” अप्पा म्हणाले. सकाळभरात त्यांना स्वतःला एकच बोटभर मासा आला. पण आयुष्यात इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुपारी आम्ही वाकोल्याला आलो. मला वाटलं, सुटलो. तर अप्पांनी मोरीपाशी पाट ठेवला, विळी ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसले. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे, तुकडे फार पातळ करायचे नाहीत, मीठ-हळद-कोकमाचं आगळ लावून मुरू द्यायचं. माझ्या शर्टाला, केसांना, चष्म्याला खवले चिकटले होते. शेजारच्या खोलीतली माणसं गॅलरीतून डोकावून जात होती.

शेवटी माझा धीर सुटला. “अप्पा, रागावू नका, पण मी मासे खात नाही. हे सगळं मला कशाला शिकवताय?”

अप्पा स्टुलावरून उठले. स्टोव्हची पिन शोधल्यासारखं केलं. पिन त्यांच्या हातातच होती.

“दिवाळीक नंदा इली होती ना, तुमी नव्हतात तेव्हा,” ते म्हणाले. “मी बांगडो केलेलो. ती तीनदा भात घेऊन जेवली. बोलली काय नाय. ताट चाटून पुसून ठेवल्यान. लहानपणी पण कधी असा जेवूक नव्हता माझा चेडू.”

मी विळी बाजूला सरकवली.

“तुमच्या आवशीक तरास नको. तुमच्या घरात नको. हयसर येवा, हयसर करा. पण मी काय कायमचो बसतलंय? तिका कच्च्या माशाक हात लावूचो भय वाटता. तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी. मीच साफ करी, मीच रांधी, मीच काटे काढून भरवी. शिकवूचा कधी डोक्यातच इला नाय. म्हटलं, मी आसंय ना.” त्यांनी स्टोव्हला पिन मारली. “आता इतक्या वर्षांनी ती काय शिकतली? मग म्हटलं, जावयाक विचारून बघूया. तुमी नको म्हटला असतात तर मी काय राग धरूचो नव्हतंय.”

“तुम्ही विचारलंतच कुठे अप्पा?”

“ह्याच तर,” अप्पा म्हणाले. “विचारूक जमला नाय.”

स्टोव्ह भडकला. मी तुकडे रव्यात घोळवले आणि तव्यावर सोडले. अप्पा मागे उभे राहून, “आता उलटा... थांबा, आता,” एवढंच म्हणत होते.

संध्याकाळी नंदा आली. तिला अप्पांनी निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. दारातच तिने वास घेतला, मग माझ्या केसांतला खवला पाहिला, आणि काही न विचारता हात धुवून पानावर बसली. मी वाढलं. तिने तुकडा मोडून तोंडात घातला आणि थबकली.

“अप्पा, आज मीठ कमी पडलंय.”

“कमी मीठ बरा,” अप्पा ताडकन म्हणाले. “वरसून घालूक येता. जास्त पडला तर काय करतलंस? बरोबर केल्यान हां.”

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून जेवायला लागली, आणि थोड्या वेळाने काट्याशी अडखळली. अप्पांचा हात सवयीने तिच्या ताटाकडे गेला. तुकडा त्यांनी उचललाही. मग तसाच धरून ते क्षणभर थांबले आणि तो माझ्यासमोरच्या रिकाम्या बशीत ठेवला.

“मधलो काटो आधी,” ते म्हणाले. “मग बाजूचे बोटान चाचपून बघा.”

मी काटे काढायला बसलो. फार वेळ लागत होता. मासा माझ्या हातात चुरत होता. नंदा भातावर हात ठेवून थांबली होती, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होतं, पण ती हसत होती. अखेर मी तो चुरा तिच्या ताटात वाढला. तिने तो कालवून खाल्ला. अप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने गिळलं, दुसरा घास घेतला, आणि मग कुठे अप्पांनी स्वतःच्या पानावर भात वाढून घेतला.