शिट्टी, छत्री आणि एक ताट

सुपडूभाऊंनी ठरवलं, यंदा आपण पडतं घ्यायचं. निर्णय तसा लहानच होता, पण त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच.

भडगावजवळच्या त्या गावात निवडणुकीतलं कळावं ते सुपडूभाऊंनाच (असं सुपडूभाऊंचं मत). त्यांच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीला तिघं उभे होते. छत्रीवाले बन्सीलाल आबा म्हणजे भाऊंचे जुने मित्र. शिट्टीवाला भिकन त्यांच्या मुलाचा, अभिमनचा, दोस्त. तिसरा नगारेवाला यादव. मागच्या खेपेला निवडून आल्यापासून त्यानं गावाचा नळ स्वतःच्या गल्लीबाहेर येऊ दिला नव्हता.

"मतं फुटनात ते नगारा निंघी," भाऊंनी पोराला बजावलं. "तू छत्रीलेच दे."

"तुम्हीच शिट्टीले द्या ना, आबा. म्हातारा मानसेस्ना जमाना गया आते."

अठराव्या वर्षी मत देण्याचा कायदा नुकताच आला होता, आणि अभिमनचं हे पहिलंच मत. 'म्हातारा' हा शब्द भाऊंना भलताच झोंबला. ते तोंडाला येईल ते बोलले आणि त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला सुरू झाला. तेही चाललं असतं, पण पोरगा जेवायला वेगळं ताट घेऊ लागला. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी दोघं अभिमनच्या लहानपणापासून एकाच ताटात खात आले होते. ताटाची समोरची बाजू रिकामी बघून भाऊ अर्धी भाकरी तशीच ठेवून उठायचे. त्यांना पोराची फार आठवण यायची, आणि पोरगा तर हातभर अंतरावर बसलेला.

म्हणून मतदानाच्या दिवशी भाऊंनी बन्सीलालची मनातल्या मनात माफी मागितली आणि डोळे मिटून (आधी नीट बघून) शिट्टीवर शिक्का मारला.

संध्याकाळी ओट्यावर अभिमन आपणहून बोलला. "आबा, छत्रीच निंघी बरं का."

भाऊ चमकले. "नही रे, शिट्टीनी हवा शे."

"भिकनले काय समजस? बन्सी आबाच पाहिजे!"

"तो म्हातारा शे! नवीन पोऱ्या पाहिजे!"

आवाज इतके चढले की शेजारीपाजारी गोळा झाले. मग दोघं एकदम थांबले.

"तुम्ही शिट्टीले दिधं?"

"तू छत्रीले?"

"तुम्हले बरं वाटी म्हनीसन," अभिमन खाली बघत म्हणाला. भाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी ते उपरण्यानं पुसले आणि धुळीला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी यादव एका मतानं निवडून आला. बापलेकांचा त्याग बेरजेत जिथल्या तिथे राहिला होता.

"त्या एका मतानं घात करा!" भाऊ घरात येऊन गरजले. "कोन व्हई तो बिनडोक?"

चुलीपुढं ताटात भरीत वाढता वाढता त्यांची बायको केसरबाई म्हणाल्या, "ते मन्हं व्हतं."

भाऊ पाट ओढून बसले.

"छत्री निवडी उनी ते पोऱ्या रुसी, शिट्टी उनी ते तुम्ही रुसशात. म्हनीसन मी नगाराले दिधं. आते दोन्ही पडनात. बसा एका ताटमा!"

"आनि नळ?"

"यादवनी बायको झुंबरबाईशी पहिलंच बोली लिधं. नळ आपली गल्लीमा येवाव शे."

अभिमन ताटावर बसलाच होता; भाऊही पुढे सरकले. निवडणुकीतलं एवढं ज्ञान पदरी असूनही हळूच म्हणाले, "पुढला येळे आमले पहिलंच सांगी दे, कोनले मत देवानं ते."

"सांगीसन काय उपेग? तुम्ही पोऱ्यानं तोंड देखीसनच शिक्का मारशात."

यावर सडेतोड उत्तर शोधून भाऊंनी ताटाकडे हात नेला, तर अभिमननं सगळं भरीत संपवून बापासाठी मिरची ठेवली होती.