आत ओढलेला श्वास

फेब्रुवारीत आलेल्या धाकट्या भावाच्या पत्राला अल्गोतने उत्तर दिले नव्हते. लिहिलेच नव्हते असे नाही. चारदा लिहिले, चारदा एखादा स्वल्पविराम खटकला आणि कागद चुलीत गेला.

पत्र छोटेच होते. "तू स्नोमोबाइलच्या कारखान्यात होतास. पुढच्या हिवाळ्यात नवं इंजिन येतंय, सस्पेन्शनही पार बदलतंय म्हणे. खरं का? माझ्या गाडीने कंबरेचा भुगा केलाय. टपालाचं कंत्राट टिकवायचं तर गाडी बदलायलाच हवी. आत्ताचीच नोंदवू की थांबू? हो किंवा नाही, एवढंच लिही. एव्हर्ट."

एव्हर्ट सरोवरापलीकडे राहत असे आणि तिथल्या अकरा घरांना हिवाळाभर गोठलेल्या सरोवरावरून स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीने, टपाल पोचवत असे. अल्गोत कारखान्यात होता हेही खरे. पण तिथे तो माहितीपुस्तिकांचे शुद्धलेखन तपासत असे. इंजिन त्याने छापलेलेच पाहिले होते. तीस वर्षे घरच्यांनी ज्याला 'आमचा कारखान्यातला' म्हटले, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचे? फोन करावा, तर फोनवर दोघेही भाऊ गप्प बसत.

मार्चअखेर नोंदणीची मुदत संपायची. तेव्हा नोंदवलेली आत्ताच्याच इंजिनाची गाडी नोव्हेंबरात मिळे; नवे इंजिन हवे त्याने न नोंदवता नोव्हेंबरात दुकानात थेट विक्रीला येणाऱ्या गाड्यांची वाट पाहायची. त्या आल्याच नाहीत, तर न नोंदवणारा हात चोळत बसे. मुदतीच्या आठवड्यात गुनबोर्गच्या दुकानात सगळे कॉफीला जमले होते. गावात पेट्रोल, पाव, टपाल आणि स्नोमोबाइल, सगळे तिच्याचकडे मिळे.

"काय रे अल्गोत," शेजारच्या सिक्स्टेनने विचारले, "टर्बो इंजिन येतंय ना? आणि सस्पेन्शन अगदी लोण्यासारखं?"

अल्गोतने नेमका तेव्हाच वाफाळत्या कॉफीचा घोट घेतला. जीभ पोळली. त्याने तोंडाने सप्पकन हवा आत ओढली.

आता, उत्तरेकडच्या त्या भागात हवा अशी आत ओढली की त्याचा अर्थ 'हो' होतो. शब्द कोणी वाया घालवत नाही.

"ऐकलंत?" सिक्स्टेन ओरडला. "कारखान्यातला माणूस हो म्हणाला!"

"जीभ भाजली" एवढेच अल्गोतला सांगायचे होते. पण भाजलेल्या जिभेवरून ते बाहेर पडेपर्यंत निम्मे दुकान फोनवर होते. उरलेले निम्मे त्याच्याकडे आदराने पाहत होते. त्याच्याकडे असे कोणी कधी पाहिले नव्हते. त्याने कपावर फुंकर मारून पुढचा घोट घेतला.

दोन दिवसांत इंजिन वीस किलोंनी हलके झाले. चौथ्या दिवशी सस्पेन्शन इतके मऊ झाले, की मांडीवरचे बाळ झोपेतून उठणार नाही. नऊ जणांनी नोंदणी रद्द केली. गुनबोर्ग थेट अल्गोतच्या दारात आली.

"तू हो म्हणालास?"

"मी कॉफी पीत होतो."

"मग दुकानात ये आणि नाही म्हण! माझा धंदा बसतोय, म्हाताऱ्या!"

"उद्या येतो," अल्गोत म्हणाला, आणि गेला नाही.

अफवा बर्फ ओलांडून पलीकडे पोचली. अल्गोतने स्वतः सांगितले म्हटल्यावर एव्हर्टसाठी तेच पत्राचे उत्तर झाले. त्याने नोंदणी केली नाही, वर जुनी गाडी भाव पडायच्या आत दक्षिणेतल्या गिऱ्हाइकाला विकून टाकली.

नोव्हेंबरात नवी मॉडेले आली. इंजिन तेच, सस्पेन्शन तेच. बाजूचे पट्टे तेवढे निळ्याचे हिरवे झाले होते. ज्यांनी गाड्या नोंदवल्या होत्या, ते त्या घेऊन गेले. थेट विक्रीला एकही शिल्लक उरली नाही.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, याला काही कळत नाही," सिक्स्टेन म्हणाला. "पण पुढच्या वर्षी नक्की येतंय हं. माझ्या मेव्हण्याला आतून कळलंय."

त्या दिवशी अल्गोतने एका बैठकीत पत्र लिहिले. "नाही. मला इंजिनातलं कधीच काही कळत नव्हतं. मी स्वल्पविराम तपासायचो. तुला वेळेवर सांगितलं नाही. माफ कर." पुन्हा वाचायला तो थांबलाच नाही.

गुनबोर्गने पाकिटावरचा पत्ता पाहिला, मग त्याच्याकडे.

"पलीकडचं टपाल बंद आहे, अल्गोत. नेणाऱ्याकडे गाडी नाही. बर्फ वितळून होडी सुरू झाली की जाईल. जूनमध्ये."

"जूनमध्ये," अल्गोत म्हणाला. त्याला हायसे वाटले, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

"घरी घेऊन जातोस का परत?"

"नको," तो म्हणाला, आणि पाकीट टपालपेटीत टाकले.