तबेल्याचा ताबा

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आपल्याच घराचं मागचं अंगण ओलांडायला लांब कोट घालत. भर मे महिन्यात, गळ्यापर्यंत बटणं लावून, वर काळी टोपी. उन्हात कुत्रंसुद्धा भिंतीच्या सावलीतून हलत नसे, आणि हे निघाले तबेल्याकडे, तिथल्या माणसाला बाहेर काढायला. "ताबा घ्यायले बनियनवर जात नसतात, सूनबाई," असं मला समजावून सांगत.

मामाजी जन्मभर कोर्टात बेलिफ होते. हुकूम घेऊन लोकांच्या दारात जायचं, सामान बाहेर काढायचं, कुलूप ठोकायचं, हे त्यांचं काम. बोलणंही तसंच झालेलं. भाजीत मीठ कमी पडलं की "हरकत नोंदवून ठेवतो" म्हणत आणि मुकाट्यानं जेवत.

तबेल्यात राहायचा शेवराव टांगेवाला. मामाजी सगळी नोकरी त्याच्याच टांग्यातून ताबे घेत फिरले. पुढे मामाजींना पेन्शन लागली, शेवरावचा घोडा म्हातारा होऊन मेला, टांगा विकला गेला. शेवराव तेवढा आमच्या तबेल्यात उरला. घोड्याच्या जागी खाट आली, एवढाच बदल.

आणि मी नवी सून. शिवणाचा डिप्लोमा घेऊन आलेली. सगळ्या नागपूरच्या बायका माझ्या कटिंगवाचून अडून बसल्या आहेत अशी माझी खात्री होती. तेव्हाची ती मी आठवली की आजही तिची वेणी ओढावीशी वाटते. शिवणक्लास काढायला मला तो तबेला हवा होता. मामाजींना सांगितलं, तर लगेच म्हणाले, "मागणी रास्त आहे. जागा आपली आहे." आणि कोट चढवला.

तबेल्याचं दार उघडंच असायचं. तरी त्यासमोर उभं राहून ते कोर्टासारखा पुकारा करत, "शेवराव वल्द दाजीबा, हाजीर हो."

आतून उत्तर येई, "हाजीर हाये. ये ना गा बाबू, दारात काहून उभा?"

"खोली खाली कर."

"करतो ना. चहा मांडून राहिलो, तू घेशीन काय?"

तासाभरानं मामाजी परत येत. कोटाची बटणं सोडता सोडता मला सांगत, "पुढची तारीख दिली."

उन्हाळ्यात माणूस बाहेर काढला तर त्याला लू लागते, म्हणून तारीख. पावसाळ्यात सामान भिजतं, म्हणून तारीख. पितृपक्षात कोणी घर बदलतं काय, म्हणून तारीख. दिवाळी सरली तर तबेल्यात मांजर व्याली. "पक्षकार वाढले," मामाजी गंभीरपणे म्हणाले.

शेवटी मीच कंबर कसली. शेवरावची लेक कन्हानला राहायची, तिच्याकडे बसनं गेले. लाच म्हणून स्वतः शिवलेलं ब्लाउज नेलं, तेही तिला दंडात चढेना. ती बिचारी म्हणाली, "मी तर कवाची बोलावून राहिली, बाबाच येत नाही." परत येऊन मी शेवरावलाच गाठलं. नातवंडं वाट बघतात म्हटल्यावर म्हातारा विरघळला. "जातो वं बाई," म्हणाला. "बाबूले सांग, ताबा घेऊन टाक म्हणा."

संक्रांत झाल्यावर एका सकाळी सायकलरिक्षा दाराशी आली. वळकटी चढली, ट्रंक चढली, टोपलीत मांजर आणि पिल्लं चढली. मी नवं कोरं कुलूप घेऊन उभी. मनातल्या मनात मशिनी खिडकीशी मांडून झाल्या होत्या. मामाजी कोट-टोपीत आले, "पाहणी करतो" म्हणून आत गेले, आणि बाहेरच येईनात.

डोकावले, तर उघड्या खाटेवर बसलेले.

"मामाजी, कुलूप लावायचं ना?"

"लावता येत नाही. आत माणूस असताना ताबा घेता येत नाही. नियम आहे."

"पण आत आहे कोण?"

"मी आहे."

रिक्षावाला हसला. शेवराव हसला नाही. तो आत आला. "निंग ना गा बाबू. काहून अडून राहिला? पोरगी वाट पाहत असंन."

मामाजी भिंतीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जन्मभर ज्या घरात गेलो, लोकं उठून उभे झाले. आता आपल्या घरात बी मी आलो का सारे उठून उभे राहतात. इथंच कोणी उठत नाही, शेवराव."

खोटं नव्हतं ते. ते बैठकीत आले की माझे यजमान पेपरची घडी घालून उठत. मी पदर सावरून स्वयंपाकघरात पळे. याला आम्ही मान देणं म्हणत होतो. सासूबाई गेल्यापासून त्या घरात मामाजींच्या शेजारी टेकणारं माणूस उरलं नव्हतं.

शेवराव दाराकडे वळला. "वळकटी उतरव गा," रिक्षावाल्याला म्हणाला. "मांजरीले सांभाळून." मग मामाजींकडे न बघताच, "कन्हानले सणावारी जाऊन येत जाईन. तू बी चाल. पोरीच्या हातची भाकर खाऊन पाय."

आणि तो खाटेवर त्यांच्या शेजारी, चांगले पाय पसरून बसला.

मी कुलूप हातात घेऊन तशीच उभी होते. कोपऱ्यात घोड्याच्या दाण्याची जुनी लाकडी पेटी होती. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. मी आजवर कधी बसले नव्हते. पेटीवरची धूळ पदरानं झटकली आणि बसले.

मामाजींनी पाहिलं. दारातून येणारं कोवळं ऊन माझ्यापर्यंत पोचावं म्हणून जरासे सरकून बसले.