बोट वाळवणारे करमरकरकाका

करमरकरकाका भेटले की आधी माणसाचं बोट वाळवतात. "कसा आहेस?" वगैरे नंतर.

दर रविवारी सकाळी आम्ही काहीजण चेन्नईच्या अड्यार भागात लांब पल्ल्याचं धावतो. गुडघा जाईपर्यंत काकाही धावायचे. आता वळणावर करंजाच्या झाडाखाली स्टूल टाकून बसतात. मांडीवर रक्तातलं लॅक्टेट मोजायचं यंत्र, हातात ताडाच्या पानाचा पंखा. जोरात धावलं की लॅक्टेट वाढतं. ते चारच्या वर गेलं की काका ओरडतात, "पोदुम!" म्हणजे पुरे. अख्खी रेल्वेची नोकरी चेन्नईत काढून त्यांना एवढंच तामिळ आलं.

पण लॅक्टेट घामातही असतं. बोट ओलं राहिलं की आकडा चुकला. "आकडा खोटा नको हं!" असं म्हणत काका बोट पुसतात, वारा घालतात, पुन्हा पुसतात. चेन्नईत घाम वाळायचा म्हणजे आनंदच! तोवर डोशापासून राजकारणापर्यंत सगळं बोलून होतं. मग नवी सुई टोचून, रक्ताचा थेंब यंत्रातल्या कागदी पट्टीवर घेऊन आकडा जाहीर होतो.

बाकीचे हल्ली "सॉरी अंकल" म्हणत सटकतात. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी थांबतो.

परवा त्यांनी मला टोचलं, यंत्र स्वतःकडे वळवलं आणि म्हणाले, "तीन पॉइंट आठ. पळ!" तेवढ्यात वाऱ्याने पट्ट्यांची डबी पडली. मी उचलली. रिकामी. यंत्रातही पट्टी नव्हती.

"काका, आकडा आला कुठून?"

"तुझ्या तोंडावरून." काका ओशाळले. "पट्ट्या मिळेनाशा झाल्यात. महिना झाला."

"मग टोचता कशाला?"

"न टोचता सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

मला हसू आलं. काका मात्र हसले नाहीत. पंख्याची दांडी चाचपत म्हणाले, "ही गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही रे. आठवड्यात तेवढं तुझं बोट वाळेपर्यंत. पट्ट्या संपल्या म्हटलं असतं, तर तूही थांबला नसतास."

मला फार वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. पुढे गेलेले मित्र हाका मारत होते. मी झाडाखाली फतकल मारली आणि दुसरा हात पुढे केला.

"काका, हा अजून ओला आहे."

त्यांनी पंखा उचलला.