एकशे बारा छिद्रांचं पुनर्वसन

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत टायटॅनियमच्या एका कृत्रिम खुब्यातल्या एकशे बारा छिद्रांनी प्रकल्पग्रस्त म्हणून अर्ज केला आणि इंजिनिअर वृंदा खांबेटेला दाबभट्टी बंद ठेवावी लागली. नियमच तसा आहे.

धातूची पूड साच्यात दाबून तापवली की कण एकमेकांना चिकटतात, पण अधेमधे बारीक पोकळ्या राहतातच. पावलागणिक भार पडून तडा जातो तो तिथूनच. म्हणून गरम दाबाखाली त्या बुजवायच्या असतात. त्यातून हा खुबा वृंदाच्या नलूआत्यासाठी होता आणि शस्त्रक्रिया शुक्रवारवर आलेली. वृंदाचा जीव टांगणीला लागला.

पुनर्वसन अधिकारी घोरपडेसाहेब भिंग घेऊन पंचनाम्याला आले.

"हरकत कोणाची?"

"समस्तांची," थोरलं छिद्र म्हणालं. "आधी पुनर्वसन, मगच दाब. पूड साच्यात पडली तेव्हापासून आम्ही इथं राहतोय."

"अहो, पण तुम्ही आत राहिलात तर खुबा मोडेल, आत्या पडेल माझी!" वृंदा कळवळून म्हणाली.

"आत्यांशी आमचं वाकडं नाही, बाई. पर्यायी जागा दाखवा."

साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "पृष्ठभाग रिकामाच दिसतोय की."

वृंदा चमकली. वरच्या थरात छिद्रं असली तर उलट बरंच. हाड त्यांत वाढतं आणि खुब्याला घट्ट धरतं. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, पण सुचलं मात्र सरकारी माणसाला.

बुधवारी छिद्रं आपापली पोकळी सावरत वर राहायला गेली. मग दाब दिला, गाभा भरीव निघाला आणि शुक्रवारी खुबा बसला.

आत्या मात्र पाऊल टाकीना. "पडले म्हणजे?" एवढंच म्हणायची आणि खुर्चीत बसून राहायची. वृंदाने गोडीने सांगितलं, रागावून सांगितलं, एकदा रडूनही पाहिलं.

तीन आठवड्यांनी घोरपडेसाहेब स्थळपाहणीला घरी आले. "काही गैरसोय?" त्यांनी खुब्याला विचारलं.

"जागा चांगली आहे," आतून थोरलं छिद्र म्हणालं. "पण शेजारी हाड येणार असं ठरलं होतं. पायावर भार पडल्याशिवाय ते येत नाही, आणि बाई चालतच नाहीत."

साहेबांनी तिथल्या तिथे नोटीस काढली: सकाळ-संध्याकाळ अंगणात दहा-दहा फेऱ्या.

"माझ्या नावाने नोटीस?" आत्या म्हणाली.

"हाड तुमच्या ताब्यात आहे, काकू."

आत्याने वृंदाकडे पाहिलं. "एकशे बारा जण खोळंबलेत?"

"हो."

"मग हे आधी नाही का सांगायचंस?" असं म्हणत तिने वॉकर ओढला आणि ती उठली.